कडी आतून होती की बाहेरून? रझाकारीत कोंडलेल्या बायका-लेकरांच्या आठवणी कशा लिहून घ्यायच्या

माझ्या आजीला, आईच्या आईला, १९४८ साली पाच दिवस गढीत कोंडून ठेवलं होतं. कडेवर चार महिन्यांचा माझा मामा. हे मला कळलं तेव्हा आजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि कळलं ते तिच्या धाकट्या जावेकडून, शेंगा फोडता फोडता. आजोबा त्या काळात सरहद्दीपलीकडे, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बार्शीकडच्या कॅम्पात होते. त्यांना धरायला रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद स्वयंसेवक, आले. आजोबा घरी सापडले नाहीत, म्हणून आजीला नेलं. शाळेसमोरच्या स्तंभावर आजोबांचं नाव कोरलेलं आहे. आजीचं नाव तिथे नाही आणि दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही.

मी एकतीस वर्षं औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत शिकवलं. निवृत्तीनंतर गावोगाव जाऊन अशा चाळीसेक बायकांशी आणि तेव्हा लेकरं असलेल्या माणसांशी बोलले. सुरुवातीला फार चुका केल्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत आणि हे काम तुमच्या गावात तुम्ही हाती घ्यावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. वेळ फार थोडा उरला आहे. तेव्हा दहा वर्षांची असलेली पोर आज नव्वदीला टेकली आहे.

जाण्याआधी

काळ डोक्यात पक्का करून जा, कारण म्हातारं माणूस सन सांगत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे आपले पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात, निजामाच्याच ताब्यात राहिले. निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. त्यांच्या स्टेट काँग्रेसची माणसं एकतर हर्सूल, गुलबर्गा, चंचलगुड्याच्या तुरुंगात, नाहीतर सरहद्दीवरच्या कॅम्पांत. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा पुढारी झाला आणि पुढचं वर्षभर खेड्यापाड्यांत जे चाललं, त्याला आपली माणसं नुसतं 'रझाकारी' म्हणतात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय लष्कर संस्थानात शिरलं, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. नाव पोलीस ॲक्शन असलं तरी ती रणगाड्यांसकट केलेली लष्करी कारवाई होती. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं, ते बघायला सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. सगळ्यात जास्त फटका बसलेल्या जिल्ह्यांत त्या अहवालाने उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा यांची नावं घेतली आहेत. त्यातला उस्मानाबाद म्हणजे आपलाच भाग, आणि आपले निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात होते.

हे दोन्ही भाग माहीत असल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नका. अर्ध्या इतिहासाने गेलात तर अर्ध्याच बायका बोलतील.

कोणता शब्द वापरायचा

मी पहिल्या वर्षी सगळीकडे विचारत होते, 'आजी, तुम्हाला अटक झाली होती का?' उत्तर एकच, 'न्हाई गं माय.' त्यांच्या लेखी अटक पुरुषाला होते. जेलात जायचं ते पुरुषाने. बाईला 'बसवून ठेवतात'. बायका म्हणतात, 'चावडीत बसवून ठेवल्तं', 'गढीत कोंडल्तं', 'धरून नेल्तं'. मुसलमान घरांत ऐकाल, 'पकडके लेके गए', 'बंद करके रक्खे'. हे शब्द नीट लक्षात ठेवा आणि तेच वापरा. जिला स्वतःलाच आपण कैदेत होतो असं कधी वाटलं नाही, ती तुमच्या 'अटक' या शब्दाला हो म्हणणार नाही.

सरकारी हिशेबातही हेच झालं. केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनला किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागायचा, बायकांना तीन महिन्यांचा, आणि त्याचा दाखला. ज्या बाईला वॉरंट न दाखवता नेलं, कुठल्या रजिस्टरात न लिहिता ठेवलं आणि एका सकाळी 'जा' म्हणून सोडलं, तिने दाखला कुठून आणायचा? मनमानी कैदेची खूणच ही आहे की तिचा कागद नसतो. कागद नाही म्हणून ती घडलीच नाही असं धरलं जातं. आपण जे लिहून घेणार आहोत, तोच तिचा पहिला कागद असणार आहे, म्हणून तो नीट झाला पाहिजे.

पहिली भेट

सुगीत जाऊ नका. दुपारची जेवणं झाल्यावर, घरातले पुरुष बाहेर असताना जा. ओळखीची बाई बरोबर घ्या, शक्यतो म्हातारीची लेक. वही काढू नका, मोबाइल पिशवीतच राहू द्या. तिच्या हातात तूर निवडायचं सूप असेल तर अर्धी तूर तुमच्यापुढे ओढा. हात कामात असले की बाई तुमच्याकडे न बघता बोलू शकते, आणि न बघता बोलता येणं या विषयात फार मोठी सोय आहे.

लेकाच्या समोर विचारू नका. हे मी फार महागात शिकले. औशाजवळच्या एका गावात मी ओट्यावर बसून, लेक, नातू, शेजारी सगळे भोवती असताना एका आजीला थेट विचारलं. ती म्हणाली, 'मला न्हाई नेलं कुणी. लोक काय बी सांगत्यात.' महिनाभराने तिची धाकटी बहीण दुसऱ्या गावात भेटली. दोघी बहिणींना बापासाठी एकत्र नेलं होतं, आठ दिवस. थोरलीचं लग्न त्यानंतर वर्षभराने झालं आणि सासरी कुणाला काही सांगायचं नाही अशी बापाने शपथ घातली होती. सत्तर वर्षं तिने ती पाळली, आणि मी तिला तिच्याच ओट्यावर ती मोडायला सांगत होते. पुन्हा जाऊन माफी मागायची होती. त्या दिवाळीतच ती गेली.

तेव्हापासून माझा नियम असा, की गोष्ट माहेरची असेल तर तिचा माग माहेरच्या गावात काढायचा. तिथल्या तिच्या बरोबरीच्या बायकांना, भावजयांना आधी भेटायचं. सासरच्या दारात जायचं ते तिने स्वतः निरोप धाडला तरच.

लेक किंवा सून हमखास विचारते, 'आता एवढ्या वर्षांनी याचा काय उपयोग?' रागावू नका, प्रश्न खरा आहे. मी अमेरिकेतलं उदाहरण सांगते. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना बायका-पोरांसकट छावण्यांत टाकलं. चाळीस वर्षांनी एका आयोगापुढे साडेसातशेवर लोकांनी आपली हकीकत सांगितली, आणि १९८८ साली सरकारने माफी मागून प्रत्येक हयात माणसाला २०,००० डॉलर दिले. मग आपल्या देशातलंही सांगते. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या सरकारने चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, त्यात म्हाताऱ्या आणि तान्ही लेकरंही, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, काहींना चार-पाच वर्षं. ती माणसं आजही माफीची वाट बघत आहेत. आपल्या म्हातारीला पैसे मिळतील असं चुकूनही सांगू नका. एवढंच सांगा की तिची गोष्ट तिच्या नातीला वाचता येईल.

काय विचारायचं

'का नेलं?' हा प्रश्न टाकून द्या. त्याला 'काय की' एवढंच उत्तर येतं, कारण तिने काही केलेलंच नव्हतं. विचारा, 'कुणासाठी नेलं?' हा एक शब्द बदलला आणि माझ्या पुढचं सगळं बोलणं बदललं. 'मालकासाठी', 'दिरासाठी', 'बापासाठी', 'माझा भाऊ उमरखेडला पळाल्ता त्याच्यासाठी.' म्हणजे बाई आणि लेकरू ओलीस होतं. युद्धात सापडलेल्या सामान्य माणसांसाठीचा जिनिव्हाचा चौथा करार १२ ऑगस्ट १९४९ चा आहे, आजी सुटल्यावर साधारण वर्षभराने झालेला. ओलीस धरू नये आणि एकाने केलेल्या गोष्टीची शिक्षा दुसऱ्याला देऊ नये, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. भारताने तो १९५० साली मान्य केला. तो वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की आजीवर झालं त्याला जगात नाव आहे.

त्यानंतर जागेबद्दल विचारा. भावनेबद्दल नाही, फक्त जागेबद्दल. खोलीला खिडकी होती का? जमीन सारवलेली होती की फरशीची? पाणी कोण आणून द्यायचं, कशात? शौचाला कुठे नेत होते, संगं कोण यायचं? पांघरायला काय होतं? भाकरी घरून यायची की तिथेच? बाजूच्या खोलीत पुरुष होते का, त्यांचा आवाज येत होता का? पहाऱ्यावरची माणसं कोणत्या भाषेत बोलायची? हे प्रश्न साधे वाटतात, पण हेच कायद्याचे प्रश्न आहेत. बायकांना झोपायला पुरुषांपासून वेगळी जागा हवी, घरच्यांना एकत्र ठेवावं, हे त्या कराराचं सांगणं. १९७७ च्या पुरवणी करारात बायकांवर पहारा बायकांचाच असावा आणि पोटुशी बाई किंवा अंगावर पिणारं लेकरू असलेली आई, यांचं प्रकरण सगळ्यांच्या आधी निकालात काढावं, असंही आलं. त्यात भारत सामील नाही, पण नोंद करताना त्याची कसोटी लावायला काही अडत नाही. तुमच्या नोंदीत 'रात्री पहाऱ्यावर तिघे बापे, बाई एकही नाही' एवढं एक वाक्य असलं, तरी पुढे अभ्यास करणाऱ्याला ते पानभर वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

चौथ्या करारातलं एक कलम मला फार जवळचं वाटतं. कोंडलेल्या माणसाला उशिरात उशिरा आठवड्याच्या आत घरी एक कार्ड पाठवता आलं पाहिजे: मी अमुक ठिकाणी आहे, तब्येत अशी आहे. म्हणून मी नेहमी विचारते, 'घरच्यांना कसं कळलं?' या प्रश्नावर बायका हमखास थांबतात आणि मग सांगतात. आजीच्या बाबतीत असं झालं की पहाऱ्यावरच्या एका पोराची आई, ती गावातलीच होती, रात्री लेकरासाठी कांबळं घेऊन आली आणि परत जाताना आजीच्या सासूला निरोप देऊन गेली. तिने तेवढं केलं नसतं तर घरच्यांनी विहिरी धुंडाळल्या असत्या.

दिवस किती, हे थेट विचारलं तर उत्तर चुकतं. तिथे तिच्याकडून काय करून घेत होते, ते विचारा. आजीची जाऊ म्हणाली, 'पाच दळणं झाली.' गढीतल्या बायकांना रोज एक पायली ज्वारी दळायला लावत. पाच दळणं म्हणजे पाच दिवस, आणि ते सांगताना तिचा उजवा हात खुंट्यावर असल्यासारखा फिरत होता. दुसरी एक बाई म्हणाली, 'तिसऱ्या दिवशी दूध आटलं.' कुणाची जखम वाळली, कुणाचं लेकरू तिथे पहिल्यांदा पालथं पडलं. असे हिशेब सन-तारखेपेक्षा पक्के असतात.

सुटका कशी झाली हेही सोडू नका. कुणी शब्द टाकला, कुणी जामीन राहिलं, काय द्यावं लागलं. पैसे दिले म्हणाली तर 'हाली की कलदार?' असं विचारा. निजामाचं नाणं हाली आणि इंग्रजांचं कलदार, हा फरक त्या काळातल्या माणसाला झोपेतही कळतो. ऐकीव गोष्ट सांगणारा तिथे अडखळतो. चांदीचे गोठ, पाटल्या, एखादी म्हैस, असं बरंच ऐकाल. ती खंडणी होती, तसंच लिहा.

तेव्हा लहान असलेल्यांना वेगळं विचारावं लागतं. त्यांना कारण माहीत नसतं, नावं माहीत नसतात. त्यांनी जे पाहिलं ते तीन फुटांवरून पाहिलं. सहा वर्षांचे असताना आईबरोबर कोंडले गेलेले एक मामा मला फक्त एवढंच सांगू शकले: नाल मारलेली पायताणं, उंबऱ्यावर आपटणारा बंदुकीचा दस्ता आणि आईचा तळहात. मूल रडू नये म्हणून आईने त्यांचं तोंड दाबून धरलं होतं. हळदीचा वास होता म्हणाले. आजही कुणी गमतीने तोंडावर हात ठेवला तर त्यांना घाम फुटतो. अशा साक्षीत भर घालू नका, ती जोडून पूर्ण करायच्या फंदात पडू नका. मुलांसाठीचा १९८९ चा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो की मुलाला कोंडणं हा अगदी शेवटचा उपाय असावा आणि तोही कमीत कमी वेळेपुरता. मामांना कुणी कोंडायचं म्हणून कोंडलंच नव्हतं. ते आईला चिकटलेले होते म्हणून गेले.

जे विचारायचं नाही

'तुमच्यावर अत्याचार झाला का?' हा प्रश्न कुठल्याही रूपात, कितीही हळू आवाजात विचारू नका. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, बहुतेक वेळा दुसरीच्या नावाने. 'माझं काय न्हाई झालं, संगं एक पोरगी होती तिला रातच्याला बाहेर नेलं.' एवढंच लिहा, तिच्याच शब्दांत. ती दुसरी खरंच दुसरी होती का, याचा अंदाज वहीत लिहू नका, मनातही बांधू नका.

बोलता बोलता ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा. पाणी द्या. विषय तिथेच सोडून उठू नका, आधी तिला आजच्या दिवसात परत आणा: नातवाची शाळा, गुडघ्याचं दुखणं, यंदाचं सोयाबीन. मी त्या दिवशी उशिरापर्यंत थांबते आणि दुसऱ्या दिवशी नुसती खुशाली विचारायला जाते. एवढं करायला वेळ नसेल तर त्या बाईकडे जाऊच नका.

तारीख कशी लावायची

सण विचारा. १९४८ साली लष्कर आलं तेव्हा गणपती बसलेले होते. पोळ्याच्या आधी नेलं म्हणाली तर रझाकारी, दसऱ्याच्या आसपास म्हणाली तर पोलीस ॲक्शननंतरचं. मुसलमान घरात ईद विचारा. त्या वर्षी रमजान ईद ऑगस्टच्या सुरुवातीला झाली आणि बकरी ईद ऑक्टोबरच्या मध्यावर आली, म्हणजे लष्कर दोन ईदांच्या मधे आलं. गांधीजी गेल्याची बातमी ही तिसरी खूण. 'गांधीबाबाला मारलं तवा मी सुटून आल्ते' असं एकीने सांगितलं आणि जानेवारी १९४८ चा धागा हाती लागला. कागदावर फसली सन, म्हणजे निजामाच्या कारभारातलं वर्ष, दिसला तर त्यात ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८, हेच वर्ष तुम्हाला सारखं लागणार आहे.

कडी

आता मुख्य गोष्ट. काही बायका सांगतात, 'आम्हाला सांभाळायला ठेवल्तं.' पोलीस ॲक्शननंतर मुसलमान बायका-पोरांना कुठे शाळेत, कुठे वाड्यात गोळा केलं होतं, आणि त्यांतल्या काही जागा खरंच आसऱ्याच्या होत्या. शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून त्यांना लपवलं होतं. काही ठिकाणी मात्र सांभाळणं हे नुसतं नाव होतं. दोन्हीतला फरक मी पुस्तकात शोधत होते आणि तो एका खालाच्या घरात सापडला. ती म्हणत होती, 'हिफाजत के वास्ते रक्खे थे हमकू.' मी सहज विचारलं, 'कडी आतून होती की बाहेरून?' ती बराच वेळ बोलली नाही. मग हात वर करून तिने हवेत कडी सरकवली, आपल्या अंगापासून लांब, पलीकडच्या बाजूला. 'भार से थी,' म्हणाली. 'छोटे भई कू पिशाब लगी तो दरवाजा पीटना पडता था.'

हा प्रश्न सगळ्यांना विचारा. ती स्वतःच्या मनाने उठून बाहेर जाऊ शकत होती का, एवढंच त्यातून ठरतं. कडी आतून असेल तर तो आसरा होता आणि आसरा देणाऱ्याचं नावही मानाने लिहायचं. कडी बाहेरून असेल, आणि का कोंडलं, किती दिवस, कुणाच्या हुकमाने हे तिला कुणी सांगितलं नसेल, तर ती कैद होती, मग बाहेर पहाऱ्यावर कुणीही असो.

माझ्या वहीत एकाच गावातली एकच खोली दोनदा आली आहे. आषाढात तिथे एका फरार कार्यकर्त्याची बायको आणि दोन पोरी होत्या. आश्विनात त्याच खोलीत एका मुसलमान शिंप्याची बायको आणि तीन लेकरं होती, कारण शिंपी सापडत नव्हता. दोघींनी तीच खिडकी सांगितली, वर, उजवीकडे, एक गज तुटलेला. मी दोघींच्या नोंदी एकाच वहीत, एकामागे एक ठेवल्या आहेत. मला दोन्हीकडच्या लोकांनी सांगून पाहिलं की वेगळ्या वह्या कर. मी केल्या नाहीत, तुम्हीही करू नका.

कोंडणाऱ्यांची नावं येतील, घरभेद्यांचीही येतील. ती लिहून घ्या, पण वेगळ्या बंद पाकिटात. त्यांची नातवंडं त्याच गावात राहतात, तुमच्या शाळेत शिकतात, आणि त्यांनी कुणालाही कोंडलेलं नाही.

रेकॉर्डिंग आणि संमती

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. पत्र्याच्या पेटीवर ठेवलात तर सगळा खडखडाट येतो. भाषा सुधारू नका. 'गेल्ते'चं 'गेले होते' करू नका. त्याच संध्याकाळी वहीत सारांश लिहा, आणि तिचे हात काय करत होते तेही.

संमती तीनदा घ्या: बोलण्याआधी, बोलून झाल्यावर आणि लिहिलेलं वाचून दाखवल्यावर. माणसं तिसऱ्यांदा विचार बदलतात आणि तो त्यांचा हक्क आहे. नाव छापायचं की नाही, गावाचं नाव द्यायचं की नाही, ती असेपर्यंत बंद ठेवायचं का, हे एकेक करून विचारा. मी एकदा एक रेकॉर्डिंग ओळखीच्या माणसाला नुसतं ऐकायला दिलं. १७ सप्टेंबरला त्यातला दोन मिनिटांचा तुकडा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि खाली धर्मावरून वाटेल ते लिहिलं गेलं. त्या आजीकडे चाळीस वर्षं रोज दुपारी येऊन बसणारी मुसलमान शेजारीण यायची थांबली. आजी मला एवढंच म्हणाली, 'तू लिहून घेतो म्हणलीस, वाटून टाकतो न्हाई म्हणलीस.' तेव्हापासून माझ्याकडून कुठलीही फाइल फोनवरून जात नाही. तीन प्रती असतात: एक माझ्याकडे, एक तिच्या लेकीकडे, एक बंद पाकिटात महाविद्यालयाच्या ग्रंथालयात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. संस्थानचा कारभार उर्दूत होता, गावचे जुने कागद मोडीत. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे सगळीकडे शोधावे लागले. तुमच्या तालुक्यात असे एक-दोघे असतील, त्यांना गाठा. निजामकाळचं मोठं दप्तर हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. बाईचं नाव तिथे क्वचितच मिळेल. तिच्या नवऱ्याच्या किंवा भावाच्या वॉरंटची तारीख मिळाली तर मात्र ती कधी नेली गेली असेल, ते जुळवता येतं.

वाचून दाखवणं

सगळं लिहून झालं की परत जा आणि तिला पहिल्या शब्दापासून वाचून दाखवा. घाई करू नका, तिच्या कानाजवळ बसा. आजीच्या जावेला मी आजीची नोंद अशीच वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती. दळणाचा भाग आला तेव्हा तिने मला थांबवलं. मी लिहिल्या तशा पाच नाही, सहा बायका होत्या गढीत, म्हणाली. सहावी वेशीबाहेरची होती, ती बाकीच्यांत बसायची नाही, तिला दाराजवळ बसवलं होतं, म्हणून तिला कुणी मोजत नाही. 'तिचं बी लेकरू होतं संगं. तिचं नाव लिही,' म्हणाली, आणि नाव सांगितलं. मी समासात लिहायला लागले तर तिने माझा पेन धरला.

'तिथं न्हाई,' म्हणाली. 'आमच्यात लिही.'

मी ते पान पुन्हा लिहून काढलं.